परत न येणारे क्रेट आणि आरएफआयडी: अनुभव असेल तर सांगा

गोदामातला_उंदीर
सोमवार, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, स्वतःचा असा हा पहिलाच धागा. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

मी सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात डिस्पॅच बघतो. आमचा माल प्लास्टिकच्या क्रेटमधून आणि लोखंडी ट्रॉल्यांवरून ग्राहकाकडे जातो आणि रिकामे क्रेट परतीच्या गाडीने यायचे असतात. येतात, पण सगळे येत नाहीत. चलानावर ४०, गाडीत ३६. ड्रायव्हर म्हणतो मला एवढेच दिले, तिकडचा स्टोअरवाला म्हणतो आम्ही ४० चढवले. वर्षअखेरीला शेकडो क्रेट कागदावर असतात आणि जमिनीवर नसतात. नवे घ्यावे लागतात आणि बोलणी मी खातो.

साहेब नुकतेच एका प्रदर्शनाला जाऊन आले. तिथे कुणीतरी बंद खोकं टेबलावर ठेवलं आणि न उघडता आतल्या २० वस्तू पडद्यावर दाखवल्या. तेव्हापासून "आपण टॅग लावून टाकू" (आरएफआयडीचे, म्हणजे रेडिओ लाटांनी दुरून वाचता येणारे नंबरवाले टॅग) हे एकच पालुपद. विक्रेता म्हणतो गेटवर रीडर बसवा, गाडी आत-बाहेर झाली की हिशेब आपोआप. इतकं सरळ असतं का हो? लोखंडावर हे टॅग चालत नाहीत म्हणे, ते खरं का? आणि मुळात बारकोडने हेच काम होणार नाही का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

ठोकताळा
सोमवार, रात्री १०:०५

बारकोडने होईल. धागा संपला. (हलके घ्या.)

गंमत सोडा, पण खरंच क्रेटवर बारकोड चिकटवा, दोन माणसांच्या हातात दोन गन द्या. २६ जून १९७४ ला अमेरिकेत ओहायोतल्या एका सुपरमार्केटात च्युइंगगमचं पाकीट पहिल्यांदा स्कॅन झालं, तेव्हापासून ते तंत्र बिनबोभाट चाललंय. प्रदर्शनातल्या टेबलावर काय, सगळंच चालतं.

बिनतारी_बाबू
सोमवार, रात्री ११:३८

ठोकताळा, तुमचं अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यावर माझं पोट चालतं, त्यामुळे प्रतिसाद लांबेल.

उंदीरराव, आरएफआयडी म्हणजे एक वस्तू नाही, अख्खं कुटुंब आहे. गुरांच्या कानातला टॅग सुमारे १३४ किलोहर्ट्झवर बोलतो, ग्रंथालयातली पुस्तकं आणि ऑफिसची बरीचशी कार्डं १३.५६ मेगाहर्ट्झवर, आणि गोदामात लागतो तो ८६० ते ९६० मेगाहर्ट्झमधला यूएचएफ. पहिल्याचा पल्ला वितभर, दुसऱ्याचा हातभर, यूएचएफचा मोकळ्या जागेत आठ-दहा मीटरसुद्धा. युरोपात त्यातला ८६५ ते ८६८ चा पट्टा वापरतात, अमेरिकेत ९०२ ते ९२८ चा. रीडर त्या त्या देशाचा घ्यावा लागतो, टॅग बहुतेक दोन्हीकडे चालतात.

साध्या टॅगमध्ये बॅटरी नसते. एक अॅल्युमिनियमची अँटेना आणि मिठाच्या कणाएवढी चिप, बस. रीडर साधारण १ वॉट ताकदीने लाटा सोडतो. चिपला जागं व्हायला हल्ली १० मायक्रोवॉट, म्हणजे वॉटचा एक लाखावा हिस्सा पुरतो. ती स्वतः काहीही प्रक्षेपित करत नाही. लहानपणी आरशाने समोरच्या भिंतीवर कवडसा पाडून मित्राला खुणा करायचो ना, तसं. ऊन दुसऱ्याचं, आपण फक्त आरसा हलवायचा. चिप आपल्या अँटेनाचं परावर्तन भराभर कमीजास्त करते आणि त्या लुकलुकण्यातून स्वतःचा नंबर सांगते.

आता लोखंड. साधा स्टिकर टॅग धातूवर चिकटवला की मेलाच म्हणून समजा. त्याच्या अँटेनाचा सूरच बिघडतो. ट्रॉलीसाठी मध्ये जाड थर असलेले ऑन-मेटल टॅग घ्या आणि रिव्हेटने मारा. हे टॅग हातात धरून तपासू नका. त्यातले काही पाठीला धातू असला तरच नीट वाचले जातात, आणि मग नवखा माणूस "टॅग खराब आहेत" म्हणून अख्खा बॉक्स परत पाठवतो. बघितलंय.

प्लास्टिकला अडचण नाही, पण क्रेट काळे आहेत का? इलेक्ट्रॉनिक मालासाठी स्थिर वीज साठू न देणारे काळे क्रेट असतात, त्यात कार्बन घातलेला असतो. निळ्या क्रेटवर खणखणीत वाचला जाणारा टॅग त्यावर मुका होतो.

आणि रिकामे क्रेट एकात एक घालून परत येतात का? येत असतील तर खरी मेख तिथे आहे. सगळ्या क्रेटवर टॅग एकाच जागी असला की चळतीत ते एकमेकांपासून बोटभरही लांब राहत नाहीत. पुढचा मागच्याला झाकतो, शिवाय एकमेकांचा सूर बिघडवतात. टॅगची जागा क्रेटागणिक थोडी सरकवा.

गेटबद्दल उद्या. ते प्रकरण वेगळंच आहे.

गोदामातला_उंदीर
मंगळवार, सकाळी ७:१४

बाबू, वाचनखूण साठवली! क्रेट निळे आहेत. रिकामे एकात एक बसतात, दहाची चळत.

साहेबांचा एक प्रश्न: क्रेट आत्ता कुठल्या रस्त्यावर आहे ते मोबाइलवर दिसेल का?

ठोकताळा
मंगळवार, सकाळी ७:३०

नाही. तो जीपीएस. साहेबांना सांगा, टॅगला स्वतःचा पत्ता ठाऊक नसतो. कुठल्या रीडरपुढे शेवटचा दिसला एवढंच कळतं. (बघा, विरोधक असूनही अभ्यास आहे.)

परीटघडी
मंगळवार, दुपारी १:२०

आमच्याकडे रुग्णालयांच्या चादरी आणि गाऊन धुवायला येतात. प्रत्येक कपड्याच्या दुमडीत बोटाएवढा मऊ टॅग शिवलेला असतो. बनवणारे साधारण २०० धुलायांची हमी देतात. बंबात, पिळण्यात, कडक इस्त्रीखाली टॅग बहुधा टिकतो, टाका आधी उसवतो.

माझा अनुभव पाण्याचा. धुतलेला, वाळलेला, घडी केलेला गठ्ठा ट्रॉलीसकट रीडरच्या बोगद्यातून ढकलला की दोनेकशे नग काही सेकंदांत मोजून होतात. तीच ट्रॉली मळके, ओले कपडे घेऊन आली की आकडा पार घसरतो, कारण पाणी लाटा पिऊन टाकतं. सुरुवातीला रोज भांडणं. रुग्णालय म्हणे २१० पाठवले, आमचा पडदा म्हणे १७०. आम्ही शेवटी ओली मोजणी हिशेबात धरायचंच सोडलं. आवक धुऊन वाळल्यावर मोजतो आणि तसं करारात लिहून घेतलंय. टॅग लावण्याआधी कुठल्या टप्प्यावरचा आकडा दोघांना मान्य, हे ठरवून घ्या, एवढंच सांगेन.

हिशेबनीस
मंगळवार, रात्री ८:४५

मी स्थावर-जंगम मालमत्तेची तपासणी करते. संगणक, प्रोजेक्टर, मोजमापाची उपकरणं, खुर्च्यासुद्धा. हँडहेल्ड (हातात धरायचा रीडर) घेऊन मजल्यावरून चक्कर मारायची, यादीतलं काय दिसलं काय नाही ते आपोआप कळतं. एखादी वस्तू सापडत नसेल तर तिचा नंबर टाकून 'शोध' लावायचा. जवळ जाल तसा बीप-बीपचा वेग वाढतो. कपाटामागे पडलेला मीटर असा सापडला की लहान मुलासारखा आनंद होतो, खोटं कशाला बोलू.

पण एक किस्सा ऐका. एका ठिकाणी १८ प्रोजेक्टर यादीत, १८ च्या १८ सापडले. इतका चोख मजला मी पाहिला नव्हता. अठराही बीप एकाच खोलीतून येत होते म्हणून कपाट उघडायला लावलं. दाराच्या आतल्या बाजूला १८ टॅग ओळीने चिकटवलेले, खाली सुवाच्य अक्षरात नंबर. तिथल्या माणसाने अगदी निरागसपणे सांगितलं, "मॅडम, प्रोजेक्टर छताला आहेत, शिडी लागते. तुमची सोय म्हणून इथे लावले." त्यातले दोन छतालाही नव्हते.

तेव्हापासून माझ्या अहवालात 'वस्तू आढळली' आणि 'टॅग आढळला' असे दोन रकाने असतात.

खटपट्या
मंगळवार, रात्री ९:०२

कपाटाचा किस्सा जबरी =))

माझी भर छोटी. ५०० कोरे टॅग आले, घाईत तसेच मालावर लावले, रीडर सुरू केला. पडद्यावर आकडा: १. कारखान्यातून सगळ्यांवर एकच नंबर येऊन बसलेला! आधी आपला नंबर लिहायचा असतो हे कोणी सांगितलंच नव्हतं. चिप बनवणाऱ्याने कोरलेला एक न बदलणारा नंबर आत असतो, टीआयडी म्हणतात, तो वाचल्यावर कुठे ५०० वेगळे दिसले.

बिनतारी_बाबू
मंगळवार, रात्री ११:१०

खटपट्या, त्या वाटेने आम्ही सगळेच गेलोय. उंदीरराव, नंबर लिहिताना मनाची पद्धत काढू नका. परतीच्या क्रेट-पॅलेटसाठी (पॅलेट म्हणजे माल रचायची चौकट) जीएस-१ च्या, म्हणजे बारकोडचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या, मानकात जीआरएआय नावाचा वेगळा साचा आहे. ९६ बिटांचा असतो आणि सोळाच्या पद्धतीत लिहिला की ३३ ने सुरू होतो. दुकानातल्या विक्रीच्या मालाचा ३० ने. फायदा असा की ग्राहकाच्या गेटवर त्यांच्या रीडरला तुमचा क्रेट दिसला तर तो क्रेट आहे, माल नाही, हे पहिल्या दोन अक्षरांतच कळतं.

आता गेट.

"टॅग वाचला" आणि "क्रेट बाहेर गेला" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. रीडर फक्त पहिलं बोलतो: अमुक नंबर, अमुक अँटेना, अमुक वेळ, सिग्नल इतका. दुसरं वाक्य आपण रचतो, आणि तिथेच सगळे फसतात.

एका गोदामात मी दोन शेजारशेजारच्या डॉकवर (गाडीत माल चढवायच्या फलाटांवर) रीडर बसवले. दोन दिवस सगळं छान. तिसऱ्या दिवशी रात्री फोन, "साहेब, एक पॅलेट आज ११ वेळा बाहेर गेलंय आणि १० वेळा आत आलंय." सकाळी जाऊन बघतो तर पॅलेट खांबाशी जागेवर उभं, त्यावर धूळ बसलेली. फोर्कलिफ्टचा चार्जिंग पॉइंट त्या खांबावर होता. चार्जिंगला लावण्याआधी ड्रायव्हर काट्यावरचं ओझं तिथेच उतरवून ठेवायचा. एरवी ते अँटेनाच्या टप्प्याबाहेर, पण समोरून लोखंडी ट्रॉली गेली की तिच्यावर आपटून लाटा खांबापर्यंत पोचायच्या आणि टॅग जागा व्हायचा. मी सॉफ्टवेअरमध्ये दोन रात्री घालवल्या, रीडरची ताकद उतरवली, कमजोर सिग्नल गाळले. शेवटी इलेक्ट्रिशियनने चार्जिंग पॉइंट सहा मीटर लांब नेला आणि प्रश्न मिटला. बिल अर्थात त्याचं वेगळं आलं.

गेटची उपकरणं तशी साधी. आत एक, बाहेर एक अशा अँटेना लावल्या की कुणी आधी पाहिलं यावरून दिशा काढता येते. प्रकाशाचा सेन्सर लावला तर गाडी नसताना रीडर गप्प बसतो. एकाच वेळी शेकडो टॅग बोलायला लागले तर? तिथे वर्गातल्या हजेरीसारखं चालतं. रीडर म्हणतो, ० ते १५ मधला एक आकडा मनात धरा, ज्याचा नंबर येईल त्याने बोला. दोघांनी एकच धरला तर गोंधळ, पुन्हा नवा आकडा. ज्याची हजेरी लागली त्याने काही काळ गप्प राहायचं. किती काळ, हे सेशन नावाच्या सेटिंगवर ठरतं. ती चुकीची ठेवली की पुढची दोन खोकी तोंड बंद करत नाहीत आणि मागच्यांची पाळीच येत नाही.

ठोकताळांचं अर्धं बरोबर म्हणालो ते यासाठी. बारकोडच्या गनमागे माणूस असतो. तो बटण दाबतो तेव्हा 'हा क्रेट मी आत्ता या गाडीत चढवतोय' असं म्हणत असतो. आरएफआयडीत कोणीच काही म्हणत नाही, वस्तू नुसती नजरेस पडते. तो गाळलेला हेतू दुसरीकडून भरून काढावा लागतो: चलान, गाडीचा नंबर, डॉकचं दार उघडल्याची वेळ. माझं निम्मं काम त्यात जातं आणि कोटेशनमध्ये त्याची ओळ शोधून सापडत नाही.

आणि ३९ वाचले, चलानावर ४० आहेत, तर गाडी अडवायची का? कोण अडवणार? हे विक्रेत्याला विचारा आणि त्याचा चेहरा बघा.

जुनी_पोथी
बुधवार, सकाळी ६:५०

थोडं इतिहासातलं. परावर्तनाने निरोप देण्यावर हॅरी स्टॉकमन यांचा निबंध १९४८ चा. त्याही आधी, १९४५ मध्ये, मॉस्कोतल्या अमेरिकी राजदूताला सोव्हिएत मुलांकडून लाकडी राजमुद्रा भेट मिळाली होती. तिच्या पोटात बॅटरी नसलेला मायक्रोफोन होता, बाहेरून लाटा सोडल्या की खोलीतलं बोलणं परत पाठवायचा. १९५२ पर्यंत कोणाला पत्ता नव्हता.

धंद्यात मोठा गाजावाजा झाला तो २००३ मध्ये. वॉलमार्टने आपल्या १०० बड्या पुरवठादारांना सांगितलं, जानेवारी २००५ पासून खोक्यांवर आणि पॅलेटवर टॅग हवेत. बऱ्याच पुरवठादारांनी गाडी निघता निघता टॅग चिकटवले आणि विसरून गेले. टॅगचा खर्च त्यांचा, माहिती दुकानाला, मग त्यांना कसली हौस? पुढे हे तंत्र रुजलं ते कपड्यांत, कारण कापड लाटा अडवत नाही, आणि माप-रंगाचे इतके प्रकार असतात की मोजणीवाचून पर्याय नसतो. २०१४ पासून कपड्यांच्या झारा कंपनीने ते आपल्या दुकानांत पसरवलं.

उंदीररावांचं प्रकरण निराळं आहे. टॅगही यांचा, क्रेटही यांचा, आणि तोच टॅग शंभरदा जाऊन परत येणार. खर्च करणारा आणि फायदा घेणारा एकच. असं जिथे असतं तिथे हे टिकतं.

हिशेबनीस
बुधवार, सकाळी ९:३०

+१. आणि गेटला हात लावण्याआधी पुस्तकातला आकडा तपासा. निकोल डीहोरेशियस आणि अनंत रामन यांचा २००८ चा एक शोधनिबंध आहे. एका मोठ्या साखळीच्या ३७ दुकानांतल्या जवळपास ३,७०,००० साठ्याच्या नोंदी पाहिल्या, त्यातल्या ६५ टक्के चुकीच्या निघाल्या. चलानाचे ४० खरे धरून तुम्ही ३६ चा चोर शोधताय. ४० तरी कोणी मोजले होते?

ठोकताळा
बुधवार, सकाळी ९:४१

म्हणजे फिरून आलो माणसावरच.

गोदामातला_उंदीर
सहा आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री १०:२०

धागा वर काढतोय, ऋण फेडायला.

गेट पुढे ढकललं. आधी १२० क्रेटना टॅग लावले, एक हँडहेल्ड भाड्याने घेतला. सहा आठवड्यांनी मोजणी केली तर २३ क्रेट चक्रातून गायब. साहेबांनी ग्राहकाला पत्र लिहायला घेतलं होतं. मी म्हटलं थांबा, आणि हिशेबनीस ताईंचं ऐकून बीप-बीप करत आमच्याच आवारात फिरलो.

मेंटेनन्सच्या खोलीत ८ सापडले, त्यात कापडी चिंध्या आणि जुने बेअरिंग. टूलरूममध्ये ५. गेटवरचा वॉचमन एका उलट्या क्रेटवर बसलेला, तो उठेपर्यंत टॅग वाचलाच जाईना. परीटघडी म्हणाले होते तेच, माणूस म्हणजे शेवटी पाणी. एकूण १४ घरचेच. उरलेले ९ ग्राहकाकडे, त्यातल्या काहींत दुसऱ्याच पुरवठादाराचा माल भरून ठेवलेला. फोटो काढून आणले.

पण खरी गंमत परतीच्या गाडीत कळली. तिकडे कोणी क्रेट मोजतच नाही. चळती मोजतात. चार चळती म्हणजे ४०. कुठली चळत नऊची, कुठली आठची, उंचीत दोन बोटांचा फरक, कोण बघतो! चार चळतींत मिळून चार कमी, झाले ३६. कोणीच खोटं बोलत नव्हतं.

आता बाबू, अडलंय ते असं. काल एक चळत वाचली तर ९ आले. नऊच क्रेट आहेत, की दहा आहेत आणि एक मुका बसलाय? टॅगच्या जागा तुम्ही सांगितल्या तशा सरकवल्या आहेत.

बिनतारी_बाबू
शनिवार, रात्री ११:०५

हँडहेल्ड आडवा धरून दुसऱ्या बाजूने वाचा, चळत जमिनीवरून उचलून पुन्हा वाचा. तरी ९ आले तर हाताने मोजा. दहा निघाले तर दहाव्याचा नंबर लिहून ठेवा, तोच क्रेट पुन्हा पुन्हा मुका राहतोय का बघा.

गोदामातला_उंदीर
रविवार, सकाळी ८:३२

सुट्टीच्या दिवशी जाऊन मोजले. नऊच होते. चलानावर दहा लिहिलेत.